आईंचा पाय आणि माझं मलम

४ नोव्हेंबर १९९८
केळीची पानं उतरवताना आज सासूबाईंच्या घोट्याला कोयता लागला. जखम बोटभरच, पण अंगात साखर आहे ना! आईंना त्याचं काही नाही. "कोवळं पान बांध गो, आग निवते." आमच्या वाडीत कापलं, भाजलं, सगळ्याला केळीचं पान. मी बी.एस्सी. झालेली. पान फेकलं, दुकानातून अँटिबायोटिक मलम आणलं.

७ नोव्हेंबर
घोटा लाल. खाज सुटते म्हणाल्या. मलम दोनदाचं चारदा केलं.

९ नोव्हेंबर
जिथे लाली तिथे मलम लावतेय, तरी लाली पोटरीपर्यंत चढली. बारीक फोड, त्यातून पाणी. शेजारची कमळी बघून गेली. तिच्या दिरांचंही असंच झालं होतं म्हणे — आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. सहज सांगून गेली. 
आई रोज सकाळी विहिरीपासून कुंपणापर्यंत फिरून एकेक केळ बघतात. ते बंद झालं तर? भीती वाटते. ह्यांना सांगितलं तर तेही घाबरतील.

१० नोव्हेंबर
गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "सोमवारी वसईला सर्जनना दाखवा." सर्जन!  जखमेला काय लावता, त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
घरी येऊन जाड थर दिला. "चरचरतं गो." मी खेकसले, "चरचरू दे, त्याशिवाय बरं होत नाही." त्यांनी पाय तसाच पुढे धरला. मी मोरीत जाऊन रडले.

१४ नोव्हेंबर
फोड सुकतायत. लाली उतरतेय. मलम लागू पडलं एकदाचं — पण कुणाला बोलले नाही, नजर लागायची. सोमवारची धास्ती आहेच.

१६ नोव्हेंबर
सर्जननी आधी पाय पाहिला, मग माझ्या पिशवीतली ट्यूब. "पायाला धोका नाही. ही या मलमाची ॲलर्जी होती. बंद कधी केलंत?"
केलंच नाही, मी म्हणाले.
आई खाली बघत होत्या. "मंगळवारपासून मी पुसते. ही पाठमोरी झाली की उकळलेल्या पाण्याने. हिच्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही."
आणि तरी दिवसातून चार वेळा माझ्यापुढे पाय करत होत्या.