वीस मोजायचे

मंगळवार, ता. ४

आज यांच्या मिशा वाचल्या. नव्या सिस्टरने वाचवल्या. मी म्हटलं, काढून टाक, दूध अडकतं. तर ती माझ्याकडे बघेचना! खाली वाकून यांनाच विचारते — "आजोबा, मिशा काढू का?" अगं बाई, लकवा झालाय, वाचा गेलीय, ते काय बोलणार? तर म्हणे, "डावं बोट हलतंय ना. हो असेल तर बोट वर, नको असेल तर डोळे घट्ट मिटा." आणि गप्प उभी. मी तोंड उघडलं तर हात दाखवून थांबवलं. मला! मनात वीस मोजायचे म्हणे, तोवर कोणी बोलायचं नाही.

सतरावर डोळे मिटले. घट्ट.

आगाऊ पोरगी.

बुधवार, ता. ५

नातीची अर्धी कोरी वही आणलीय म्हणून लिहितेय. इथे बसून दुसरं करू काय?

वीस आकडे म्हणजे केवढा वेळ! तेवढ्यात माझी दोन भांडणं होतात.

दुधात साखर? — डोळे मिटले! पंचेचाळीस वर्षं दोन चमचे घालतेय मी. एका शब्दाने बोलले नाहीत. सिस्टर हसली, "आजी, तुम्ही कधी विचारलं होतं?"

विचारायचं कशाला? घालत होते ना मी!

शुक्रवार, ता. ७

आज मीच विचारून बघितलं. खिडकी उघडू? बोट वर. पांघरूण काढू? बोट वर. पांघरूण घालू? बोट वर! सगळं दोन मोजायच्या आत. म्हटलं, बघ, माझ्याशी कसे पटापट बोलतात.

सिस्टर म्हणाली, "आजी, ते तुमच्या आवाजाला हो म्हणतात. त्यांचं स्वतःचं उत्तर यायला वेळ लागतो."

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तिला सफरचंद कापून दिलं. अर्धंच.

रविवार, ता. ९

लेकाने घरून आणलेले दोन सदरे सिस्टरने यांच्यासमोर धरले. यांनी निळा घेतला. मला तो कधीच आवडला नाही, ट्रंकेच्या तळाशी टाकला होता.

बरे दिसत होते.

मंगळवार, ता. ११

डॉक्टर म्हणाले, गिळलेलं फुफ्फुसात उतरतंय. नाकातून पोटापर्यंत नळी घालू, त्यातून अन्न देऊ. घातली तर वर्ष-दोन वर्षं काढतील, पण अंथरुणातच. नाही घातली तर फार दिवस नाहीत.

लेकाने लगेच खिशातून पेन काढलं. "कुठे सही करू?" — जसं काही कुरियर आलंय! पण मीही म्हटलं, कर बाबा, कर.

सिस्टर मध्ये आली. "थांबा जरा. आजोबा शुद्धीत आहेत, सगळं कळतं त्यांना. नळी त्यांच्या नाकात जाणार आहे." डॉक्टर खुर्ची ओढून बसले. तिने नळी यांच्या हातात दिली, चाचपू दिली. घातली तर काय, नाही घातली तर काय, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मग विचारलं.

मी मोजत होते. उचला हो, उचला ते बोट!

एकोणिसावर डोळे मिटले.

तिने उलटं करून विचारलं, "मग नळी न घालता घरी जायचं?" चौदा. बोट वर.

लेक बाहेर जाऊन रडला. मी नाही. मी सिस्टरला म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं विचारायला! तिने ऐकून घेतलं. माझा हात धरून उभी राहिली, वेडी कुठली.

बुधवार, ता. १२

शुक्रवारी घरी सोडणार. तोवर आजोबांचं मन बदललं तर सांगा, म्हणाले डॉक्टर.

बदलेल. का नाही बदलणार?

गुरुवार, ता. १३

दुपारी खोलीत कोणी नव्हतं. यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "माझ्यासाठी घालून घ्याल का हो नळी?"

मी एक म्हणायच्या आत बोट वर.

मी ते बोट बराच वेळ हातात धरून बसले. मग हळूच खाली ठेवलं.

सिस्टर आली. "काही म्हणाले का आजोबा?"

म्हटलं, नाही. लेकाला निरोप दे, उद्या येताना निळा सदरा इस्त्री करून आण म्हणावं.