भात, पाट आणि हात

बाई, तुमची आणि माझी चीड एकच होती. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या तोंडावर लोक त्याच्याबद्दल बोलतात, जणू तो तिथे नाहीच. "बिचारा मुका आहे हो," असं त्याच्या आईलाच सांगतात, जणू तिला ठाऊक नाही. साधी शाळा सोडून या मुलांकडे आलेले आपल्यासारखे शिक्षक हे रोज ऐकत आले आणि रोज पेटत आले. त्यावर आपलं कधी दुमत झालं नाही. दुमत होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर, आणि उद्या ते मला चारचौघांत बोलायचं आहे. शिकलेल्या शिक्षकांना पुन्हा शिकवून विशेष शिक्षक करणारा जो वर्ग तुम्ही उल्हासनगरात चालवलात, तिथे उद्या नवी तुकडी बसणार आहे आणि पहिलं भाषण माझं आहे. भिंतीवर तुमचा फोटो आहे. त्याच्याखाली उभं राहून तुमची पद्धत अपुरी होती असं म्हणायचं की गप्प बसायचं, हे ठरवायला आज लिहायला बसलो आहे. आयुष्यभर भाषणं केली, पण इतकं जड कुठलंच गेलं नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी अंबरनाथच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी मोरिवलीच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांसमोर बोलत होतो. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. सगळे त्याला ढ म्हणत. त्याला कमी ऐकू येतं हे कुणी तपासलंच नव्हतं. मी हेडमास्तरांशी भांडलो, तर ते म्हणाले, "एवढं कळतंय तर तुम्हीच शिकून या की." आलो. बी.एड.चं प्रमाणपत्र तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही ते उघडलंसुद्धा नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत म्हणालात, "मास्तर, ही मिशी काढावी लागेल."

"मिशी? ती का?"

"मुलं ओठांवरून शब्द वाचतात. तुमचा वरचा ओठ आहे कुठे?"

"बाई, आमच्यात वडील असेपर्यंत मिशी काढत नाहीत. माझे वडील आहेत."

"चांगलं आहे. त्यांना म्हणावं, शंभर वर्षं जगा. आणि तुम्ही उद्या काढून या."

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानेसुद्धा आधी चौकशी केली, "काय झालं हो? कधी गेले?" घरी आई पदर तोंडाला लावून रडायला बसली. वडील कारखान्यातून दमून आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, मी अजून मेलो नाहीये." मग हसले. ते हसले म्हणून मी शिकलो, बाई. नाहीतर हा सगळा प्रवास त्या उंबऱ्यावरच संपला असता.

तुम्ही आम्हाला काय काय करायला लावलंत! ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटला की ती हलते, 'म' म्हटला की गप्प राहते. मुलाचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे आवाज त्याच्या हाताला लागतो. बोलताना फळ्याकडे तोंड करायचं नाही, खिडकीला पाठ करून उभं राहायचं नाही. एकदा सगळ्यांच्या कानांत कापूस घालून तुम्ही आम्हाला बाजारात पाठवलंत, एक अक्षर न बोलता टॉवेल आणायला. मी म्हटलं, "बाई, कापसाने कान बंद होत नाहीत." तुम्ही म्हणालात, "तुमचं तोंड बंद झालं तरी पुरे." कापडवाल्या सिंधी दुकानदाराने मला टॉवेल दाखवता दाखवता शेजारी बसलेल्या भागीदाराला सांगितलं, "साईं, गूंगा है बेचारा. वो कोने वाला दे दो, इसको क्या समझेगा." कोपऱ्यातल्या त्या टॉवेलला भोक होतं. मी तो घेऊन आलो तेव्हा माझे कान लाल झाले होते. तुम्ही टॉवेल उलगडून भोकातून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आता झाली तुमची ॲडमिशन."

आणि मग तो सराव पाठ. विषय होता जेवण. टेबलावर ताट, वाटीत भात, खाली पाट. समोर सात-आठ वर्षांची एक मुलगी, सिंधी घरातली, मोठ्या डोळ्यांची. मी म्हणतो, "भात दे." ती माझ्या ओठांकडे बघते आणि पाट उचलून आणते. तिची चूक नव्हती. ओठांवर 'भात' आणि 'पाट' अगदी सारखे दिसतात. आरशासमोर कुणीही म्हणून बघावं. पण मी पडलो गेटवरचा वक्ता, मी तोच शब्द आणखी मोठ्याने म्हटला! ती पोर थांबली. पाट खाली ठेवला. उजव्या हाताने भात कालवून घास घेतल्यासारखं केलं, डाव्या हाताने जमिनीवर थाप मारून बसण्याची खूण केली, आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. हे, की ते? मी तिच्या उजव्या हाताकडे बोट दाखवणार, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "हात खाली!" तुमच्या वर्गात खुणांना बंदी होती, मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानेच बोलायचं. तिला तुमचा आवाज ऐकू येणार नव्हताच. तुम्ही पुढे आलात आणि तिचे दोन्ही हात हळूच तिच्या मांडीवर ठेवलेत. रागाने नाही. कुणी झोपलेल्या बाळाचे हात पांघरुणात घ्यावेत तसे.

पाठ संपल्यावर मी तुमच्या खोलीत भांडलो. "बाई, साध्या शाळेत मुलाने एक प्रश्न विचारावा म्हणून आम्ही वर्षभर वाट बघतो. या मुलीने विचारला आणि आपण तिचं तोंड दाबलं. तिचं तोंड तिच्या हातात आहे!" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "वाक्य चांगलं आहे. गेटवरची भाषणं गेटवर." झालं. मी ठरवलं, कोर्स सोडायचा.

तेच सांगायला रविवारी बदलापूरला, कुळगावातल्या तुमच्या घरी आलो. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात सुक्या बोंबलांचा वास, आणि तुम्ही पाठमोऱ्या. समोर पाटावर तुमचे थोरले भाऊ. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. ते हातांनी काहीतरी कुरकुरत होते, आणि तुम्ही, बाई, तुम्ही हातांनी उत्तर देत होता. एका हातात वाढायचा डाव, तरी झरझर. तिखटावरून भांडण चाललं होतं म्हणे. तुमचे हात इतके सुंदर चालतात हे मी त्या दिवशी पाहिलं. दादांनी मला पाहिलं, हसले, ओठावर बोट फिरवून गेलेली मिशी विचारली. तुम्ही वळलात. तुमचे हात आपोआप खाली गेले.

"बसा. जेवून जा."

"बाई, हे काय?"

"घर आहे हे. घरात चालतं." भात वाढत तुम्ही बोलत राहिलात. "दादाला बोलायला कुणी शिकवलंच नाही. मुलगी बघायला गेलो की लोक मला विचारायचे, 'मुक्याला काम जमतं का?' हा शेजारी बसलेला. त्याला हो म्हणता यायचं नाही, नको म्हणता यायचं नाही. मास्तर, माझ्या पोरांना तोंडाने 'नको' म्हणता आलं पाहिजे. बाकी मला काही नको."

मी म्हटलं, "पण त्या मुलीने प्रश्न विचारला होता."

"माहीत आहे. मला कळला होता."

"मग?"

"मग काय? त्या टॉवेलवाल्याला कळला असता का?"

मी हात धुऊन जेवायला बसलो. मी कोर्स सोडला नाही. तुमच्याच पद्धतीने पुढे शिकवलं. मुलं बोलायला लागली तेव्हा त्यांच्या आयांचे चेहरे पाहिले, आणि तुम्हाला मनात नमस्कार केला. पण हेही पाहिलं की कित्येक मुलं वर्षानुवर्षं 'प' आणि 'म'वरच अडली. त्यांना ना धड आवाज मिळाला, ना हात. डोकं तल्लख आणि भाषा उपाशी. सांगायला घरी गोष्टी साठलेल्या, आणि वर्गात आपण कागदाची पट्टी धरून बसलेलो. नव्वद सालानंतर तुम्ही वारलात तेव्हा कुळगावच्या अंगणात तुमचे मोठे झालेले विद्यार्थी जमले. 'बाई, बाई' असं ती तोंडाने म्हणत होती, तुम्ही दिलेल्या त्या जाडसर आवाजात. बाकी सगळं, तुमच्या छड्या, तुमचे लाडू, तुमचा धाक, ती एकमेकांना हातांनी सांगत होती. आणि मधोमध दादा उभे, सगळ्यांचं बघत, सगळ्यांना उत्तर देत. मला वाटतं माझा निर्णय तिथेच झाला होता. बोलायला मात्र इतकी वर्षं लागली.

तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. तुम्ही जगाला घाबरून मुलांना जगाजोगं करत होता. जगाने मुलांजोगं व्हावं हे मागायला तेव्हा तुमच्या बाजूने कुणीच नव्हतं. आज मी आहे, आणि तुमच्यामुळेच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकलं असतं तर तुम्ही शुद्धलेखन तपासून परत केलं असतं. एक मात्र सांगतो, म्हातारा झालो तरी मला तुमची भीती वाटते, आणि ती गेली तर मला करमणार नाही. तरीही उद्या तुमच्या फोटोखाली उभा राहून मी त्या नव्या शिक्षकांना म्हणणार आहे: मित्रांनो, तुमचा पहिला शब्द शिकवण्याआधी प्रत्येक मुलाच्या आईकडे जा, हा घरी पाणी कसं मागतो ते विचारा, आणि ती खूण आधी तुम्ही शिका.