रंकाळ्यावर लंडनची तालीम

कोल्हापूर, वैशाखाची भर दुपार

जिवाभावाचा दोस्त कृष्णात यास दिलदारचा सलाम, रामराम आन् गळाभेट, तिन्ही एकदम. बनाबाई वैनींस्नी नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा हाय? गेल्या खेपेला आमचा जिना उतरताना तू येवढा कण्हत हुतास की शेजारच्यांस्नी वाटलं, आम्ही तुला मारूनच घालवला. तिळाचं तेल लाव आन् हातकणंगल्याच्या ठेसनावर गाड्या बघत उभा राहायचं कमी कर. आमच्याकडं समदं ठीक. अम्मा खुशाल हाय (बिबीजान, माझी आई. तुला सांगायला नगं, पण पोस्टात कुणी फोडून वाचलंच तर त्येची अडचण नगं). आमच्या धन्यांचा, दाजीसाहेबांचा, ससाणा जुनी पिसं टाकतोय, त्यामुळं त्येला सांभाळणारा बाजदार, म्हंजे मी, बिनकामाचा बसलोय.

तर आता मांडी घालून वाच. मी विलायतेला निघायच्या बेतात हाय. हसू नगंस. नव्या बादशहाच्या राज्यारोहणाला दाजीसाहेब लंडनला निघाल्यात. पूर्वी हितं कोल्हापुरात पोरींस्नी शिवणकाम शिकवणारी ती उंच मडम आठवती का? ती आता लंडनात असती. तिनं धन्यांस्नी पत्र घातलं की, मिरवणुकीची गर्दी बघून झाली की दोन-तीन सकाळी माझ्याबरोबर चला, शहराच्या आसपासची पाखरं बघू. धनी बरोबर एकच माणूस नेणार. एक तर मी, न्हाय तर आकाराम आचारी. आकारामला तांबडा रस्सा येतो आन् मला शीळ घालता येती. कुणाचं पारडं जड हाय ते तूच बघ.

मला का जायचंय ते तुला म्हाईत हाय. दसऱ्याच्या सुमाराला रंकाळ्यात बदकं उतरत्यात आन् होळी झाली की गायब. जात्यात कुठं? बाला इचारलं, आज्याला इचारलं, मौलवीसाबांस्नी इचारलं. समदी म्हणाली, उत्तरेला. उत्तरेला म्हंजे कुठं, साताऱ्याला? आपल्या साहेब लोकांगत तीबी उन्हाळ्याची विलायतेलाच जात असणार, असं माझं मन म्हणतंय. एकदा तिथल्या तळ्यावर जाऊन त्यातलं एखादं गाठायचं आन् म्हणायचं, "हां, तू हितं असतंस व्हय?" बास. मग मी मरायला मोकळा.

पण ह्याला दोन परवानग्या लागत्यात, एक धन्यांची आन् दुसरी अम्माची. (मामू हजला गेले ते आगबोटीवरच वारले. तवापासून अम्मा मला पंचगंगेच्या नावेतबी बसू देत न्हाय.) आधी पहिलीचं ऐक.

मडमेनं लिवलं हुतं की, येताना दुर्बीण आणा, बाकी कायबी नगं. ह्येच्यावर वाड्यात आठवडाभर खल झाला. पाखरं बघायची, मग पुढं? मारायची न्हाईत. धरायची न्हाईत. पिंजऱ्यात घालायची न्हाईत. बघायची आन् घरी यायचं. दिवाणजी म्हणाले, ह्यात कायतरी डाव असणार. भटजींनी इचारलं, तिथं कावळा हाय का, आन् असला तर पिंडाला शिवतो का. मडमेनं असंबी लिवलं हुतं की, त्या दिसांत तिथं रातच्या तीन-साडेतीनलाच उजाडतं, आन् जेवणं झाली तरी उजेड जात न्हाय. मग अंधार पडल्यावरची इशाची नमाज पढायची कवा? मौलवीसाबांस्नी इचारलं, ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आन् म्हणाले, असल्या गावाला जाऊच नगंस. मला आणखी एक घोर हुता. हितल्या तित्तराला माझी शीळ कळती, तिथल्या पाखराला कळंल का? का त्येला आधी सलाम करून मग बोलायचं?

शेवटी धनी म्हणाले की, जायच्या आधी एकदा रंकाळ्यावर तालीम घ्यावी. तालीम म्हणल्यावर आपल्याकडं काय, रीत ठरल्याली हाय. धन्यानं जनावर हुडकत फिरायचं नसतं, जनावरानं धन्यापुढं हजर व्हायचं असतं. म्हणून शिकारीला घालतो तसा हाका घातला. ढोल, हलगी, रॉकेलचे डबे. हाक्याची माणसं मीच तळ्याभोवती उभी केली, आन् खरं सांगतो, मलाबी त्यात काय वावगं वाटलं न्हाय. धनी मचाणावर दुर्बीण लावून बसले. इशारा झाला आन् अर्धं कोल्हापूर जागं झालं. तळ्यावरचा बगळा न् बगळा उठला आन् कळंब्याच्या तळ्याच्या वाटंला लागला. धुणं धुणाऱ्या बायका आग लागली समजून वली लुगडी खांद्यावर टाकून पळाल्या. धन्यांपुढं हजर झाली ती एकटी तानाबाई गवळणीची म्हस. धन्यांनी तिच्याकडं बराच वेळ दुर्बिणीतनं बघितलं आन् इंग्रजीत हिला काय म्हणत्यात, ते दिवाणजींस्नी इचारलं.

माझं तोंड येवढंसं झालं. विलायत गेली, असं मी मनाशी धरून चाललो. आकाराम मात्र खुशीत पानं मांडत हुता. हाक्याची माणसं बाभळीखाली बसली आन् समदी जेवाय लागली. तेवढ्यात चिखलात कुणीतरी उभ्या रोवल्याल्या वेळूच्या काठीवर एक खंड्या येऊन बसला. निळाजर्द. त्येनं पाण्यात सूर मारला, मासळी आणली, काठीवर आपटून आपटून मारली आन् गिळली. परत सूर मारला. धन्यांचा घास हातातच राहिला. रश्श्यावर तवंग धरला तरी धनी हलंनात. मग अगदी हळू म्हणाले, "दिलदार, ह्येला कुणी बोलावलं?"

मी म्हणालो, "कुणी न्हाय, धनी. जेवताना आपली तोंडं बंद हुती."

धन्यांनी हातातला घास तोंडात टाकला. मग उठताना म्हणाले, "आगबोटीवर तू. आकारामला सांग, रस्सा गार झाला."

तर कृष्णात, असं हाय. येत्या सोमवारी निघायचं. गाडी तुझ्या ठेसनावर थांबंल तवा भेटायला ये, आन् गुडघ्याचं निमित्त सांगू नगंस.

तुझा,
दिलदार

ता. क. दुसऱ्या परवानगीचं लिवायचं राहिलं. ती मी मागितल्यालीच न्हाय. चार महिने हातकणंगल्याला, तुझ्या जोंधळ्यावरची पाखरं हाकलायला जातोय, असं अम्माला सांगितलंय. तवा मी येईपातूर तू कोल्हापुरात दिसू नगंस. तिचा निरोप आला तर कळव की दिलदार खुशाल हाय, दोन येळा जेवतो. येवढं कर, बाबा. सारं पत्र त्येच्यापायी लिवलंय.

ता. क. दुसरी. लखोटा चिकटवत हुतो तवर अम्मा आत आली. हातात कापूस भरून शिवल्याली जाड बंडी. भाईर ऊन असं की चप्पल घातली तरी पाय भाजत्यात. बंडी माझ्या मांडीवर ठेवली आन् म्हणाली, "हातकणंगल्याला थंडी लई असती. आन् आगबोटीच्या कठड्यावर वाकून पाखरं बघू नगंस." मग डोळं पुसत चुलीकडं गेली.  तवा वरची ता. क. खोडली समज. कोल्हापूरला येत जा, आन् आमच्या सोप्यात तिच्याजवळ जरा बसत जा.