आईबापांचा द्वेष, संदर्भासह

सोमवार, ७ फेब्रुवारी १९९४. मेहरूण, जळगाव.
आबांना पुन्हा लकवा. उजवी बाजू गेली, जीभ जड. मी शनिवारपासून गावी होते, सकाळच्या एस.टी.नं जळगावला परत. शाळेच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासायचे तसेच पडलेत. आबांना शब्द सापडत नाहीत, एवढंच सापडतं. "विन्या आला का?" केळी कापणीला आलीय, तिची चौकशीसुद्धा नाही.
विनू, माझा धाकटा भाऊ. धुळ्याला कॉलेजात लॅब असिस्टंट. दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला तेव्हा भावकी पेटली होती. आबाच तेवढे म्हणाले होते, "त्यानं देव बदलला. बाप थोडी बदलला त्याचा?"
बूथवरून कॉलेजात फोन लावला. म्हणाला, "प्रार्थना करतो, अक्का." येतो म्हणाला नाही.

रविवार, १३ फेब्रु.
धुळ्याहून आत्ताच आले. शिसारी. दुसरा शब्द नाही.
देवपूरला विनूच्या खोलीवर त्यांच्या मंडळीचे 'ब्रदर' बसलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मधात बुडवलेला. मी म्हटलं, विनू, आबा फार दिवसांचे नाहीत, चल. विनू फरशीकडे बघत. ब्रदरनी बायबलचं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. लूक, अध्याय चौदा. आईबापांचा, बायकामुलांचा जो द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही, असं काहीसं. तेवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं.
"किंमत सांगूनच ठेवलीय प्रभूनं, ताई."
"अहो, बाप मरतोय त्याचा!"
"म्हणून तर. हीच परीक्षा."
हे हसत हसत. ओरडून म्हणाला असता तर एवढी किळस आली नसती. चहा पुढे आला, घेतला नाही. उठताना टेबलावरचं पुस्तक पिशवीत टाकलं. कुणी अडवलं नाही.

मंगळवार, १५ फेब्रु.
वाचलं. भक्तीनं नाही, रागानं.
मुलांना आयुष्यभर विचारत आले, कोण म्हणाले, कोणास, केव्हा. मागचंपुढचं न लिहिता नुसती ओळ उतरवली की मार्क कापते. ब्रदरना भोपळा मिळाला असता. येशूच्या मागे गर्दी लागलीय. तो वळतो आणि त्या हौशी लोकांना सुनावतो की माझ्यामागे यायचं तर आधी झेपेल का बघा. लगेच पुढे दाखला आहे, बुरूज बांधायला घेणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असा. त्याच पुस्तकात मत्तय असंच सांगतो तेव्हा द्वेष हा शब्दच नाही. माझ्याहून जास्त प्रीती आईबापांवर करील तो, एवढंच.
मधल्या सुट्टीत शांताबाईंना विचारलं. आमच्या भूगोलाच्या बाई, आजोबांपासून ख्रिस्ती. डबा बाजूला सारून म्हणाल्या, "अहो, जुन्या करारातल्या याकोबाला दोन बायका. एकीवर जीव, दुसरीवर कमी. त्या दुसरीला मूळ हिब्रूत 'द्वेष केलेली' म्हटलंय म्हणे. आपल्या मराठीत काय केलंय माहितीय? नावडती. आता सांगा."
आवडती-नावडती. हे तर कहाण्यांतून लहानपणापासून ऐकलेलं. बाप नावडता ठेव म्हणजे दुसऱ्या नंबरावर ठेव. त्याला कुजत पडू दे, असं नव्हे.
शांताबाईंनीच मार्कचा सातवा अध्याय काढून दिला. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय असं सांगून हात वर करणारे लोक. त्यांना येशू असा झोडपतो की बस्स. ब्रदरना हे पान सापडलं नाही?
येशूचं तलवारीचं बोलणंही वाचलं. शांतता नाही, तलवार घेऊन आलोय. पुढे काय, तर मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध. मारा म्हणून नाही सांगत. घरं तुटतील म्हणून सांगतोय. आमचं तुटलंच आहे.
एक मात्र सुटत नाही. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला तो सांगतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, तू चल. पुढचंमागचं चारदा वाचलं. शांताबाई म्हणाल्या, बाप अजून जिवंत असेल, मुलगा वेळ काढत असेल. असेल. मला टोचायचं ते टोचतंच.

शनिवार, १९ फेब्रु. गावी.
आज दुसऱ्या बाजूची घाण.
प्रभाकर, आमचा चुलतभाऊ, एक पत्रक घेऊन आला. सायक्लोस्टाइल केलेलं, शाई हाताला लागणारं. त्यात ठळक अक्षरात काय? तीच लूकची ओळ! अर्धीच. खाली, बघा यांचा धर्म काय शिकवतो.
"तू शिकेल हायेस, अक्का. चौकात वाचून दाखव सगळ्याइले. मंग पोरं घेऊन धुळ्याले जातो. त्या बाबाले असा ठोकतो ना!"
म्हटलं, पुढचं वाचलंस का? "ते कसाले वाचू?"
मग राहवलं नाही. म्हटलं, "कुरुक्षेत्रावर ज्यानं सख्ख्यांवर बाण सोडायला सांगितलं, त्याची तू रोज पूजा करतोस. उद्या माझ्यावर बाण सोडशील?"
"ते येगळं हाये."
"कसं वेगळं?"
"आपलं हाये म्हनून."
खरं बोलला. पत्रक चुलीत घातलं. तो जाता जाता अंगणात थुंकला, "हेबी बाटली." ब्रदर आणि प्रभाकर समोरासमोर आले तर एकमेकांचा गळा धरतील. आणि दोघं लचका एकाच ओळीचा तोडतात. वीट आलाय.
आबा आतून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी. मी पुसलं.

रविवार, २७ फेब्रु.
पुन्हा धुळे. ब्रदर होतेच. पुस्तक उघडून विचारलं, हे कोणाला म्हटलंय आणि मार्कचा सातवा अध्याय कोणासाठी आहे? आवाज पहिल्यांदा मधातून बाहेर आला. "आत्म्याशिवाय वाचलं की असंच होतं. मागे आमचा एक जण बाप गेला म्हणून गावी गेला, तो डोकं भादरूनच आला. मग मंडळीत परत आलाच नाही. एकेक आत्मा जपावा लागतो, बाई."
म्हणजे मेंढरं मोजतोय. आबा त्याच्या हिशेबात फक्त एक धोका.
विनूला बाहेर काढलं. पांझरेच्या पुलावर उभे राहिलो, खाली नदी नावालाच. म्हटलं, ज्याच्या नावानं तू हे करतोस, त्यानं मरता मरता आपली आई एका शिष्याच्या हवाली केली. वाचलंयस ना?
"वाचलंय."
"मग?"
 म्हणाला, "मला ब्रदरनी नाही अडवलं, अक्का. मला आबांचं तोंड बघवणार नाही. वाकडं झालेलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी न सांगता गेलो, त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. ब्रदरनी ती ओळ दाखवली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं."
ऐकून ब्रदरची आली नव्हती एवढी किळस याची आली. एवढं मोठं वचन, आणि हा त्याच्याआड लपून बसलेला. तसंच सांगितलं तोंडावर. तो रडला. मी जवळ घेतलं नाही. पुस्तक हातात दिलं, बस पकडली.

शनिवार, ५ मार्च. गावी.
विनू काल संध्याकाळी आला. एकटाच. प्रभाकर ओट्यावर आडवा उभा. आधी गोमूत्र शिंपडून घे, गळ्यातला क्रूस काढ, मग आत. विनू घराला वळसा घालून मागच्या गोठ्याच्या दारानं आत आला. चप्पल हातात.
आबांनी ओळखलं. बोलता येईना. डाव्या हातानं त्याचा कान धरला, लहानपणी धरायचे तसा, आणि सोडेचनात.
आज सकाळी त्यानं आबांची दाढी केली. वाकड्या बाजूला फार जपून. पेज भरवली. डॉक्टर म्हणाले, आता आज-उद्या.
प्रभाकरनं अंगणातून सांगून ठेवलंय, अग्नी मी देईन, बाटग्याचा हात लागू देणार नाही. चार-पाच जण त्याच्या बाजूला आहेत. धुळ्याहून ब्रदरचा निरोप, सरपंचांच्या फोनवर. विनूनं अंत्यविधीत भाग घेऊ नये. दोघांचं पुन्हा जमलं.
दुपारी चुलीपाशी विनू हळूच म्हणाला, "अक्का, तू एवढं वाचलंस. मी अग्नी देऊ का?"
काय सांगू? त्या पुस्तकात याचं उत्तर मला दिसलं नाही. आमच्यातल्यांना विचारायचं तर ते बाहेर काठ्या घेऊन बसलेत. आबांना विचारावं, तर त्यांना आता बोलता येत नाही.  मी म्हटलं, आत जा, आबांना कूस बदलून दे. तो गेला.