'देऊ नये'

मातारम, ४ मार्च १९८७
तीर्थरूप वायानदादास,
धाकट्या केतुतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. सुकेर्तीचं दुखणं आता बरं होण्यातलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या गावच्या स्मशानात, आमच्या गेलेल्या लेकीशेजारी निजायचं, एवढंच ती मागते. गावकीच्या कामाला मी तीन वर्षं आलो नाही म्हणून मला वाळीत टाकलं, चूक माझीच. पण तिला शिक्षा का? नियमांची पोथी तुमच्या हातची. तीत नेमका शब्द काय आहे, तेवढं कळवा. वहिनींना सांगा, त्यांची जाऊ अजूनही त्यांच्या भाताला नावं ठेवते.
तुमची माया आटू देऊ नका.
केतुत

तगलसारी, ११ मार्च
चि. केतुतास आशीर्वाद.
पोथीत 'जागा देऊ नये' असं आहे. वडीलधारी मंडळी तेव्हा म्हणाली होती की, वाळीत टाकलेल्या घराला जागा न दिली तरी चालेल. मला ते ढिलं वाटलं. भाषा भारदस्त हवी म्हणून मी 'देऊ नये' केलं. वाचून दाखवलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या.
काल सभेत हे कबूल केलं. गावप्रमुख चिडले असते तर मी भांडलो असतो. ते मानाच्या भाषेत म्हणाले की, धाकट्या बंधूंनी एवढ्या लांबून येण्याची तसदी न घेतली तर गाव आभारी राहील. एवढ्या गोडव्यापुढे मी खाली बसलो. लाज वाटते. तरीही तू स्वतः येऊन माफी माग, मानाच्या भाषेतच.
सुकेर्तीला जप.
दादा

मातारम, २० मार्च
तीर्थरूप दादास,
सुकेर्ती मंगळवारी गेली. आदल्या दिवशी तुमचं पत्र आलं. तिनं माझ्याकडून माफीचं भाषण घोटून घेतलं. मी स्वतःलाच 'आपण' म्हणालो, तर खोकला लागेपर्यंत हसली. इथल्या आपल्या लोकांनी काही न विचारता जागा दिली. तिला इथंच पुरलं. आता माफी कुणासाठी मागू?
केतुत

तगलसारी, १६ एप्रिल
चि. केतुतास,
काल सभेत मी मानाची भाषा सोडून घरच्या भाषेत बोललो. म्हणालो, माझ्या एका शब्दानं माझी भावजय परक्या मातीत निजली. गावप्रमुखांनी पोथी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, शब्द बदला. सगळ्यांसमोर 'द्यावी' लिहिलं. अक्षर वाईट आलंय. पुरलेल्या सगळ्यांच्या अस्थी काढून सामुदायिक दहन होईल, त्या वेळी तिच्याही अस्थी इकडे आणायला गावाची ना नाही. हे तिच्या कानावर पडायला हवं होतं, बाळा.
येशील का, असं विचारत नाही. ये. तिला घेऊन ये.
दादा