रॅम्पची बिजागरी

१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा गोदीतले फिटर, आपण फिटरची पोरं. आपल्या दारात पाऊल टाकताना, बिजागरी धड आहे ना, असं हसत विचारणारे शेजारी तुलाही आठवत असतील. तीस वर्षं ऐकून घेतलं. आता तेच छापून येतंय!

अण्णांची म्हैस भंगारात निघाली. सपाट पोटाचं ते जहाज किनाऱ्यावर जाऊन फतकल मारायचं, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आता नौदलाची एक समिती तिच्या सेवेचा इतिहास काढतेय आणि त्याचा मसुदा गोदीतल्या जुन्या कामगारांच्या घरी आलाय. रणगाडे उतरवले, बेटांवर सिमेंट नेलं, दोन पुरांत धान्य पोचवलं, सगळं आहे. पान सत्तेचाळीसवर वादळानंतरची ती सुटका. फिटरच्या हलगर्जीपणामुळे माणसं चढवायच्या पुढच्या रॅम्पची बिजागरी अडकली, तो खाली येईना, सतरा माणसं वाळूवर राहिली, दुसऱ्या दिवशी होडी पोचली तेव्हा अकराच उरली होती. त्यानंतर म्हशीला कुणी सुटकेच्या कामाला पाठवलं नाही. गोदाम म्हणून धक्क्याला बांधून ठेवली.

त्या दिवशी म्हशीवरचा खलाशी म्हणून रॅम्पच्या लिव्हरवर तू होतास. बिजागरी ठणठणीत होती, एवढं समितीला लिहून दे. वीस तारखेला पुस्तक छापायला जातंय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, उत्तराची घाई त्याहून मोठी.

तुझी,
धाकटी

५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं म्हणण्यापेक्षा ऐकलंच. सभेत टेबल आपटतेस तशी कागदावरही आपटतेस. तुझी वहिनी म्हणाली, चष्मा काढून वाचा, काच तडकेल.

माझे गुडघे आता जिना म्हटलं की रुसतात. बाकी बरं आहे.

अगं, असली पुस्तकं कोण वाचतं? कपाटात जातील आणि वाळवी तेवढी शहाणी होईल. अण्णा गेले, म्हैसही चालली. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आहे तेवढी असू दे.

दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुणाची मूठ, दादा? अण्णांचे तर दोन्ही हात कायम उघडे आणि ग्रीसने माखलेले.

काल भंगाराच्या यार्डात गेले होते. म्हैस चिखलात बसली आहे, तोंड उघडं टाकून. तिथल्या गॅस कटरवाल्याला बिजागरी दाखवायला लावली. तो म्हणाला, ताई, अडकलेली पिन कापल्याशिवाय निघत नाही, आणि ही तर बांधणीपासून कधी बाहेरच निघालेली नाही, म्हणजे अडकलीच नाही. मग त्याने क्रेनने रॅम्प उचलून दाखवला. कुरकूरसुद्धा नाही. तीस वर्षांनी!

बिजागरी अडकली नव्हती, तर रॅम्प खाली का आला नाही? मला दुसऱ्या कुणाकडून उत्तर नको.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ओहोटी लागली होती. असं जहाज वाळूवर फार वेळ थांबलं तर रुततं. येताना टाकलेला मागचा नांगर ओढून वेळेत सुटायचं असतं. कप्तान म्हणाले, अजून दोन मिनिटं. सतरा माणसं गुडघाभर पाण्यातून येत होती, पुढच्या बाईच्या डोक्यावर शिवणयंत्र. तळाला वाळू घासल्याचा आवाज आला आणि मी घाबरलो. लिव्हर वर ओढला, रॅम्प उचलला गेला. कप्तान ओरडले, खाली घे. हात हलेना. तोंडातून निघून गेलं की बिजागरी अडकली, आणि म्हैस त्यांना तिथेच सोडून मागे निघाली.

गोदीत परतल्यावर अण्णांनी रॅम्प स्वतः खालीवर करून पाहिला होता. चौकशीत त्यांना विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, माझ्याकडूनच राहिलं असेल. मी ठरवलं, उद्या खरं सांगू. तो उद्या आलाच नाही. अण्णांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही त्यांना काढू दिला नाही.

यानंतर लिहिलं नाहीस तरी समजेन.

दादा

१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा फाडायला घेतलं. मग आठवलं, माझा पंखा करकरायला लागला तेव्हा अण्णा तेलाची बुधली घेऊन उठले होते, आणि मी त्यांच्यादेखत बाहेरचा मिस्त्री बोलावला. ते बुधली घेऊन परत बसले. तुझं खोटं मनातून मीही इतकी वर्षं खरं मानून वापरलं, दादा.

मुलाला वाचवणं हा बापाचा हक्क होता. पण त्या सहा जणांच्या घरच्यांनी तीस वर्षं लोखंडाला बोल लावला, आणि एक चांगलं जहाज धक्क्याला बांधून कुजवलं गेलं. ते झाकून ठेवायचा हक्क तुला नाही, मलाही नाही.

मी रागावले आहे, आणि तू माझा दादा आहेस. दोन्ही राहील.

एकोणीसला सकाळी दहाला समितीच्या कचेरीत ये. मी जिन्याखाली उभी असेन, हात धरून वर नेईन. पान सत्तेचाळीसवरची ती ओळ खोड आणि तुझ्या अक्षरात लिही: बिजागरी चांगली होती, रॅम्प मी उचलला.

फिटरची पोर