भिंतीपलीकडे कोण

ता. ९, मंगळवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आधी ते भलत्याच दारात गेलं, मग तिथून माझ्याकडे आलं. आमच्याकडे हल्ली सगळं असंच येतं, पण हरवत काही नाही. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो आणि तेही कुरकुरतात. लिफ्ट दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी रुसते. तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेली चादर छान आहे, फक्त जरा लांबीला कमी पडते. नाही, नको सांगूस.

आता मुद्द्याचं. तू लिहितोस, येत्या सोमवारी तपासणीला माणसं येणार, त्यांच्याबरोबर तूही असणार. सोडतीत जी खोली लागली तिथे माणूस सापडला नाही, तर खोली रद्द. आणि पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात, ‘ताई, निदान तू तरी रविवारपर्यंत तुझ्या खोलीत परत जा. बाकीच्यांचं काय करायचं ते मी बघतो.’ वा रे वा! काय बघणार आहेस तेही लिहायचंस की!

मी जाणार नाही. आमच्यातलं कुणीच जाणार नाही. काल जिन्यात बसून सगळ्यांनी ठरवलंय, आणि तू माझा भाऊ आहेस म्हणून हे तुला कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

तुझी सोडत वाईट होती असं मी म्हणत नाही. गल्ली पाडली, चार इमारती दिल्या, आणि कुणाला कुठली खोली ते तुझ्या संगणकाने ठरवलं. कुणाचा वशिला नाही, कुणाची चिठ्ठी नाही. पेपरात तुझं नाव आलं तेव्हा आई येईल जाईल त्याला थांबवून वाचून दाखवायची. कचरा न्यायला आलेला माणूसही सुटला नाही.

पण झालं काय ते ऐक. घड्याळवाले काका आणि शिंपीमामी गल्लीत समोरासमोर राहायचे, आणि सांडपाण्यावरून रोज भांडायचे. सोडतीत ते दोन टोकांच्या दोन इमारतींत गेले. आम्ही म्हटलं, चला, शांतता झाली. तर महिन्याभरात दोघांची तोंडं उतरली. काका म्हणाले, “अगं, भांडायला जायचं तर लिफ्टने उतरा, पटांगण ओलांडा, परत लिफ्टने चढा. तोवर राग शिल्लक राहतो का?” आता दोघं शेजारी आहेत. दारावरच्या पाट्या उलट्यापालट्या आहेत, पण सकाळी सकाळी आवाज असा लागतो म्हणतोस! मामी चार घास जास्त जेवायला लागली.

तू फोनवर म्हणालास, “गल्लीचा ग्रुप आहे ना ताई, सगळे एकत्रच तर आहात.” आहे ना ग्रुप! रोज सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतो. पण अरे, फोन करायला काहीतरी निमित्त लागतं, दारात उभं राहायला लागत नाही. मामीचं दुखणं ग्रुपवर कधी आलं नाही, कारण “मला आज बरं वाटत नाही” असं ऐंशी माणसांना कोण सांगतं? गल्लीत ते सांगावं लागत नसे. तिची मशीन वाजली नाही की कुणीतरी डोकावायचं.

खोल्यांची अदलाबदल कुणी सुरू केली असं तू विचारलंयस. मी केली, लिहून घे. आई गेल्यावर मी माझी खोली दुसऱ्याला देऊन तिच्या खोलीत राहायला आले. मग एकेकाने आपापलं माणूस शोधलं आणि बिऱ्हाडं हलली. कुणी कुणाकडून काही घेतलं नाही, फक्त गाद्या उचलून उचलून पुरुषांच्या कमरा धरल्या.

मागे आलास तेव्हा मी चेपलेल्या पेल्यातून चहा पीत होते म्हणून हसलास. “भंगारात टाक की ग ताई.” मी विषय बदलला. त्या पेल्याचा विषय निघाला की मी बदलतेच. आज नाही बदलणार.

गल्लीत आईची आणि माझी भिंत एकच होती, आठवतं? तिने पेल्याने एकदा ठोकलं की चहा झालाय. दोनदा ठोकलं की तुम्ही नवराबायको जरा हळू भांडा. आणि ठोकतच राहिली तर हातातलं टाकून पळायचं.

आई झोपेत गेली असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं आहे. ती सकाळी गेली, जागेपणी. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तिथवर तिला जाववलं नाही. हात पेल्यापर्यंत पोचला. मग ती भिंतीवर ठोकत राहिली, पेल्याची कड चेपेपर्यंत.

भिंतीपलीकडे मी नव्हते. एक बसकंडक्टर मुलगी होती, दुसऱ्याच वस्तीतून आलेली. रात्रपाळी करून नुकती आडवी झाली होती. तेव्हा सगळी इमारत नवी, घरोघरी खिळे ठोकणं चाललेलं. तिला वाटलं, आजीही खिळा ठोकतायत. चिडून तिने डोक्यावर उशी घेतली. थोड्या वेळाने आवाज थांबला तेव्हा तिला बरं वाटलं. हे तिने मला स्वतः येऊन सांगितलं, हुंदके देत. मी तिच्यावर हात उगारला होता, धाकट्या. तो तसाच तिच्या खांद्यावर ठेवला. त्या पोरीला ठोकण्याचा अर्थ कोण सांगणार होतं?

तेव्हा मी कामावर, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी वाळवत होते. संध्याकाळी आईकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “वेळेत कुणी आणलं असतं तर...” ते पुढे बोलले, पण ते मी तुला कधी सांगणार नाही.

सोडतीच्या आधी मी तुला म्हटलं होतं, आईला माझ्या शेजारी दे. तू म्हणालास, “आपल्याच घरासाठी नियम मोडला तर लोकांना काय तोंड दाखवू?” आईनेही तुझीच बाजू घेतली. मी तुला दोष देत नाही. देते, थोडा देते, खोटं कशाला बोलू? पण नियम मोड असं आज मी म्हणतच नाही. तुझ्या संगणकाने आमची वयं विचारली, घरात माणसं किती ते विचारलं. भिंतीपलीकडे कोण हवंय, एवढं एक सगळ्यांना विचारलं असतंस, तर कुणालाही झुकतं माप मिळालं नसतं. अजून विचारता येईल. तेवढा कागद बनवायला किती वेळ लागतो तुला?

त्या कंडक्टर मुलीला आम्ही म्हटलं, तू दुसरी खोली घे, म्हणजे या मजल्यावर सगळे गल्लीतले होतील. तिने साफ नाही म्हटलं. “ही भिंत मी सोडणार नाही, मावशी. परत आवाज आला तर तो मलाच ऐकू यायला पाहिजे.” सोडतीप्रमाणे तिची खोली तीच आहे, त्यामुळे तुमच्या तपासणीत ती एकटी पास होईल.

तेव्हा सोमवारी खुशाल ये. सगळी दारं उघडी असतील आणि सगळ्या पाट्या चुकीच्या असतील. माझं एकटीचं नाव गाळून मला वाचवू नकोस, नाहीतर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. रद्द करायचं तर सगळ्यांचं कर, आणि आधी माझं.

फक्त सही करण्याआधी दहा मिनिटं आईच्या खोलीत एकटा बस. मी मुद्दाम बाहेर जाईन. दार लोटून घे, पलंगाशेजारचा तो पेला उचल आणि आई ठोकायची तसं भिंतीवर ठोकत राहा. कोण धावत येतं ते बघ. मग काय लिहायचं ते लिही.

आईच्या खोलीतून,
तुझी ताई